वार वेळेआधी सुटणे, म्हणजेच प्लासेंटल अब्रप्शन: किती जणींना होते आणि किती गंभीर असते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्हाला २० आठवडे उलटून गेले असतील आणि आत्ता अंगावरून रक्त जात असेल, पोट सतत दुखत असेल, हाताला कडक लागत असेल किंवा बाळाची हालचाल एकदम मंदावली असेल, तर हे पान नंतर वाचा. सिझेरियन आणि रक्त चढवण्याची सोय असलेल्या रुग्णालयात आधी निघा. निघतानाच तिथे फोन करून किती आठवडे झाले आहेत आणि काय होते आहे ते सांगा, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत त्यांची तयारी सुरू होईल.

वार सुटते म्हणजे नेमके काय होते?

वार एका बाजूने गर्भपिशवीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असते आणि दुसऱ्या बाजूने नाळेने बाळाशी जोडलेली असते. दिवस भरत आले की ती साधारण ५०० ग्रॅम वजनाची, १५ ते २० सेंटिमीटर रुंद आणि दोन-तीन सेंटिमीटर जाड असते. बाळाला प्राणवायू आणि पोषण मिळते ते या चिकटलेल्या बाजूने. शेवटच्या महिन्यांत दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त गर्भपिशवीकडे जाते. वार सुटल्यावर एवढा रक्तस्राव का होतो, ते या आकड्यावरून समजते.

नेहमीच्या प्रसूतीत बाळ बाहेर आल्यावर पिशवी आकसते, चिकटलेली जागा लहान होते आणि मग वार सुटून पडते. अब्रप्शनमध्ये बाळ अजून पोटात असतानाच हे होते. वार जिथे चिकटलेली असते तिथली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि वार व भिंत यांच्यामध्ये रक्त साठू लागते. त्याची गुठळी वारेला आणखी रेटते, त्या रेट्याने आणखी रक्तवाहिन्या तुटतात आणि सुटलेला भाग वाढत जातो. कधी हे काठावरच थांबते, तर कधी काही मिनिटांत अर्धी वार सुटते.

प्रसूतीनंतर वार पालथी घालून पाहिली तर याची खूण स्पष्ट दिसते. भिंतीला चिकटणाऱ्या बाजूवर काळपट, घट्ट गुठळी बसलेली असते आणि ती अलगद काढली की खाली खळगा पडलेला दिसतो. अब्रप्शन अगदी ताजे असेल तर हा खळगा नसतो. म्हणून वार वरवर नीट दिसली तरी निदान चुकलेच होते, असे म्हणता येत नाही.

हे किती जणींना होते?

साधारण १०० ते २५० गरोदरपणांत एकदा. टक्क्यांत सांगायचे तर ०.४ ते १ टक्का. ठिकाणानुसार आणि मोजण्याच्या पद्धतीनुसार आकडा बदलतो, कारण काही ठिकाणी बाळंतपणानंतर वारेवर सापडलेली लहानशी गुठळीही मोजली जाते, तर काही ठिकाणी आईला किंवा बाळाला त्रास झालेल्या केसच धरतात.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात अंगावरून रक्त जाणे १०० पैकी ३ ते ५ जणींना अनुभवावे लागते आणि त्यातल्या बहुतेकींना अब्रप्शन नसते. गर्भपिशवीच्या तोंडावरची सूज, संबंधांनंतर होणारा हलका रक्तस्राव, कळा सुरू होताना जाणारा रक्तमिश्रित चिकट स्राव, खाली आलेली वार अशी इतर कारणे असू शकतात. पण त्यातले नेमके कोणते, हे घरी बसून ओळखता येत नाही. त्यामुळे रक्त दिसले की तपासणी करायचीच.

कोणत्या महिन्यात धोका जास्त असतो?

व्याख्येनुसार २० आठवड्यांनंतर प्रसूती होईपर्यंत कधीही. निम्म्याच्या आसपास घटना ३७ आठवड्यांच्या आधी होतात. बाकीच्या दिवस भरत आल्यावर किंवा प्रत्यक्ष कळा चालू असताना होतात. जुळ्यांमध्ये पहिले बाळ बाहेर आल्यावर पिशवीचा आकार झटकन कमी होतो आणि दुसऱ्या बाळाची वार सुटू शकते. म्हणून पहिल्या बाळाच्या जन्मानंतरही दुसऱ्याच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवतात.

शंभरात एखादीलाच होते, तर डॉक्टर एवढी धावपळ का करतात?

कारण कोणाचे अब्रप्शन काठावर थांबेल आणि कोणाचे तासाभरात जिवावर बेतेल, हे सुरुवातीला सांगता येत नाही. गांभीर्य तीन गोष्टींवर ठरते: वार किती सुटली, किती वेगाने सुटली आणि किती आठवडे झाले आहेत.

वारेचा छोटा काठ सुटला असेल तर बाळाला त्याची झळ न लागता गरोदरपण पुढे जाऊ शकते. निम्म्याहून जास्त वार सुटली की बाळ पोटातच दगावण्याचा धोका झपाट्याने वाढतो, कारण उरलेला भाग त्याला प्राणवायू पुरवायला अपुरा पडतो. सगळ्या प्रकारच्या अब्रप्शन एकत्र धरल्या तर, चांगल्या सोयी असलेल्या देशांतही साधारण १०० पैकी ३ ते १२ बाळे जन्माआधी किंवा जन्मानंतर लगेच दगावतात. जिथे रुग्णालय गाठायला वेळ लागतो तिथे हे प्रमाण आणखी जास्त असते. या मृत्यूंमागे बाळ फार लवकर जन्मणे हेही मोठे कारण असते.

रक्त आणि शस्त्रक्रिया वेळेवर मिळाली तर आईचा मृत्यू क्वचितच होतो. तरीही आईसाठी हे साधे दुखणे नाही. जास्त रक्तस्राव, रक्त न गोठणे, मूत्रपिंडांना इजा, अतिदक्षता विभागात राहावे लागणे आणि काही वेळा गर्भपिशवी काढावी लागणे, एवढे सगळे यात घडू शकते.

डॉक्टर साधारण चार पायऱ्या मानतात. शून्य पायरीत आधी काहीच त्रास नसतो, वारेवरची गुठळी बाळंतपणानंतर सापडते. पहिलीत थोडे रक्त आणि हलके दुखणे असते, आई व बाळ ठीक असतात. दुसरीत पोट कडक व दुखरे होते आणि बाळाचे ठोके बिघडू लागतात. तिसरीत बाळ दगावलेले असते, आई शॉकमध्ये जाऊ शकते (म्हणजे रक्त कमी पडून अवयवांचे काम ढासळू लागते) आणि रक्त गोठण्याची प्रक्रिया ढासळू शकते. पहिलीतून तिसरीत जायला आठवडाही लागतो आणि कधी अर्धा तासही पुरतो.

लक्षणे कशी ओळखायची?

अंगावरून रक्त जाणे, पोटात किंवा कंबरेत दुखणे, पोट कडक होणे आणि बाळाची हालचाल कमी होणे ही मुख्य लक्षणे. सगळी एकदम असतीलच असे नाही. साधारण चारपैकी तिघींना रक्त दिसते. ते बहुधा गडद रंगाचे असते, कधी गुठळ्यांसह येते.

पोटावर हात ठेवून पाहा. नेहमीच्या कळेत पोट घट्ट होते, अर्धा-पाऊण मिनिट तसेच राहते आणि मग सैल पडते. मधल्या वेळेत बोटांनी हलके दाबले तर ते मऊ लागते. अब्रप्शनमध्ये हा मऊपणा हरवतो. पोट फळीसारखे ताठ राहते, नुसता हात लावलेलाही सोसत नाही. कळा आल्या तरी त्या लहान आणि लागोपाठ असतात, दर एक-दोन मिनिटांनी, आणि त्यांच्यामध्ये दुखणे पूर्ण ओसरत नाही. दोन कळांच्या मध्ये विश्रांती न मिळणे ही खूण आम्ही रक्तापेक्षाही महत्त्वाची मानतो.

वार पिशवीच्या मागच्या भिंतीवर असेल तर पोट फारसे दुखत नाही, कंबर आतून ठणकत राहते. ही केस सहज निसटते, कारण शेवटच्या महिन्यांतली कंबरदुखी कोणालाच नवी नसते. नवीन, एकदम सुरू झालेली, कुशीवर झाले तरी न थांबणारी कंबरदुखी असेल तर दाखवून घ्या.

रक्त अगदी थोडे गेले. मग काळजीचे कारण नाही ना?

असा निष्कर्ष कृपया काढू नका. साधारण १० ते २० टक्के केसमध्ये रक्त वारेमागेच अडकून राहते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. पॅडवर दिसणारे रक्त आणि प्रत्यक्ष गेलेले रक्त यांचा मेळ बसेलच असे नसते. आत लिटरभर रक्त साठलेले असताना पॅडवर फक्त डाग असू शकतो.

बी.पी. बघूनही फसगत होते. गरोदरपणात अंगातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते, त्यामुळे एरवी निरोगी असलेली आई बरेच रक्त गमावूनही बी.पी. टिकवून धरते. आधी नाडी वेगाने चालू लागते, बी.पी. उशिरा कोसळतो. त्यात तिला मुळातच बी.पी.चा त्रास असेल, तर रक्तस्रावाने खाली आलेला आकडा कागदावर ‘नॉर्मल’ वाटतो. नेहमी १५०/१०० असणारीचा बी.पी. अचानक ११०/७० झाला तर ती सुधारणा समजू नये.

आत साठणाऱ्या रक्ताचा अंदाज घ्यायची एक जुनी, बिनखर्चाची पद्धत आजही वापरात आहे. पिशवीचे वरचे टोक पोटावर जिथे लागते तिथे पेनाने रेघ मारतात. टोक तासा-दोन तासांत रेघेच्या वर सरकले तर आत रक्त भरत आहे.

सोनोग्राफीत काही दिसले नाही. तरी अब्रप्शन असू शकते का?

हो, आणि हा मुद्दा घरच्यांनीही नीट समजून घ्यायला हवा. सोनोग्राफीत निम्म्याहून जास्त अब्रप्शन दिसतच नाहीत. ताजे रक्त पडद्यावर वारेसारखेच दिसते, त्यामुळे गुठळी कुठे संपते आणि वार कुठे सुरू होते ते कळत नाही. रक्त बाहेर वाहून गेले असेल तर आत दिसण्यासारखे काही उरतच नाही. उलट सोनोग्राफीत गुठळी स्पष्ट दिसली तर निदान बहुधा बरोबर असते आणि गुठळी बहुधा मोठीही असते.

मग सोनोग्राफी का करतात? वार खाली, पिशवीच्या तोंडावर आलेली नाही ना, बाळाचे ठोके चालू आहेत का आणि त्याची वाढ किती झाली आहे, हे पाहण्यासाठी. अब्रप्शनचे निदान लक्षणे, पोटाची तपासणी आणि ठोक्यांचा आलेख यांवरून होते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी नेतो’ असा हट्ट दुखणे चालू असताना धरू नये.

वार खाली असणे आणि वार सुटणे यात फरक काय?

वार खाली असते तेव्हा ती चुकीच्या जागी, पिशवीच्या तोंडाजवळ किंवा तोंडावर चिकटलेली असते. तिथून जाणारे रक्त सहसा लालभडक असते, दुखत नाही आणि पोट मऊ राहते. अब्रप्शनमध्ये वार बहुधा योग्य जागी असते पण सुटते, आणि दुखते. दोन्ही एकत्र असण्याचीही शक्यता असते. वार कुठे आहे हे कळेपर्यंत आतून बोटांनी तपासणी करत नाहीत, कारण खाली असलेल्या वारेला बोट लागले तर रक्ताचा लोंढा सुटू शकतो.

हे कशामुळे होते?

पुष्कळदा एकच कारण सापडत नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र माहीत आहेत. सगळ्यांत मोठी म्हणजे मागच्या गरोदरपणात झालेले अब्रप्शन. त्यानंतर बी.पी., मग तो आधीपासूनचा असो वा गरोदरपणात वाढलेला. गंभीर अब्रप्शनमध्ये वाढलेला बी.पी. वारंवार आढळतो. धूम्रपानाने धोका वाढतो आणि रोजच्या सिगारेटींच्या संख्येबरोबर तो चढत जातो. कोकेनने रक्तवाहिन्या एकदम आकसतात आणि बी.पी. उसळतो, त्यामुळे तेही मोठे कारण आहे.

दिवस भरण्याआधी पाणी जाणे, पिशवीत जंतुसंसर्ग, जुळी, पाण्याचे प्रमाण फार जास्त असणे आणि ते एकदम वाहून जाणे, वार चिकटलेल्या जागेमागे फायब्रॉइडची गाठ असणे, आधीचे सिझेरियन, सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रक्तस्राव, आईचे वय जास्त असणे, पोटाला मार लागणे हीही कारणे यादीत आहेत. यातले काही असले म्हणजे अब्रप्शन होणारच, असे नाही. आणि यातले काहीही नसताना ते होतच नाही, असेही नाही.

माझ्या हातून काही चुकले का? जिने चढले, वजन उचलले, प्रवास केला...

नाही. नेहमीचे घरकाम, चालणे, जिना, नोकरी, अडचण नसलेल्या गरोदरपणातले शरीरसंबंध यांनी निरोगी वार सुटत नाही. अनेकदा वारेच्या रक्तवाहिन्यांमधला बिघाड गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच सुरू झालेला असतो, त्रास दिसतो तो कितीतरी आठवड्यांनी. त्या दिवशी सकाळी काय केले, याचा त्याच्याशी संबंध नसतो. सासरमाहेरच्या कोणी ‘जरा जपली असतीस तर’ असे म्हटले, तर त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

पडले किंवा गाडीचा धक्का बसला, पण काही दुखत नाही. दाखवायला हवे का?

२० आठवड्यांनंतर पोटावर आपटणे, पोटाला ठोसा किंवा लाथ लागणे, वाहनाचा अपघात होणे, यांपैकी काहीही झाले तर दुखत नसले तरी दाखवा. पिशवी लवचिक असते, वार तितकी नसते. धक्क्याने पिशवीचा आकार क्षणभर बदलतो, वार त्याबरोबर ताणली जात नाही आणि मधली जागा फाटते. त्यासाठी पोटावर खरचटलेलेही नसते.

रुग्णालयात किमान ४ तास बाळाचे ठोके आणि कळा यांचा आलेख सतत पाहतात. त्या काळात कळा येत राहिल्या, रक्त दिसले, पोट दुखले किंवा ठोक्यांत बदल झाला तर २४ तासांपर्यंत ठेवून घेतात. काही झाले नाही तर घरी सोडतात, पण पुढचे एक-दोन दिवस लक्ष ठेवायचे. घरात मारहाण होत असेल तर ते डॉक्टरांना किंवा नर्सला एकांतात सांगा. उपचारासाठी त्यांना ते कळणे गरजेचे असते.

गाडीत सीटबेल्ट लावाच. खालचा पट्टा पोटाच्या फुगवट्याखालून, मांड्यांच्या वर, दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांवरून घ्यायचा. वरचा पट्टा दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने. पोटावरून आडवा पट्टा गेला तर धक्क्याचा सगळा जोर नेमका पिशवीवर येतो.

रुग्णालयात निघताना काय करायचे, काय टाळायचे?

शक्य असेल तर डाव्या कुशीवर झोपून जा, म्हणजे पोटाच्या भाराने पाठीमागची मोठी रक्तवाहिनी दबत नाही. भिजलेले पॅड टाकू नका, पिशवीत घालून सोबत न्या. तपासणीची फाइल, रक्तगटाचा कागद आणि शेवटची सोनोग्राफी बरोबर घ्या. रक्त देऊ शकतील असे एक-दोन जण सोबत असले तर चांगले. वाटेत काही खाऊ-पिऊ नका, कारण लगेच भूल द्यावी लागू शकते. दुखणे थांबवणारी किंवा कळा थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका. ‘तासभर बघू, नाहीतर जाऊ’ हा तासच सगळ्यात महागात पडतो.

रुग्णालयात पोहोचल्यावर काय करतात?

बऱ्याच गोष्टी एकाच वेळी सुरू होतात आणि घरच्यांना तो गोंधळ वाटू शकतो. दोन्ही हातांना जाड सुया लावतात, सहसा १६ नंबरच्या, कारण बारीक सुईतून रक्त हव्या त्या वेगाने चढत नाही. रक्तगट, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि क्रॉसमॅचिंगसाठी (चढवायचे रक्त आईच्या रक्ताशी जुळते का ते पाहण्यासाठी) नमुने जातात. लघवीची नळी घालतात. लघवी ताशी ३० मिलिलिटरच्या खाली आली तर मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही, असे समजतात. बाळाच्या ठोक्यांचा आलेख सतत चालू ठेवतात.

प्रयोगशाळा दूर असेल तर रक्त गोठते का हे खाटेपाशीच पाहता येते. साध्या काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन ती नळी बंद मुठीत धरतात, म्हणजे ती शरीराइतकी गरम राहते. ४ मिनिटांनी नळी हलकेच तिरकी करून पाहतात, मग दर मिनिटाला पाहतात, गुठळी धरून नळी उलटी करता येईपर्यंत. ७ मिनिटांनंतरही गुठळी धरली नाही, किंवा धरलेली गुठळी लगेच फुटली, तर रक्त गोठण्यात बिघाड आहे.

रक्त गोठत नाही, असे का होते?

वार सुटताना तिथल्या पेशींमधला रक्त गोठवणारा पदार्थ आईच्या रक्तात मिसळतो. त्यामुळे शरीरभर बारीक गुठळ्या होऊ लागतात आणि गोठण्यासाठी लागणारे घटक त्यातच खर्ची पडतात. मग जिथे खरी गरज असते, तिथे ते शिल्लक राहत नाहीत. सुई टोचलेल्या जागेतून, हिरड्यांतून रक्त झिरपू लागते.

यात फायब्रिनोजेनवर, म्हणजे गुठळी धरायला लागणाऱ्या रक्तातल्या प्रथिनावर, बारीक लक्ष ठेवतात. गरोदरपणाच्या शेवटी ते १०० मिलिलिटर रक्तात ४०० ते ६०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणून अहवालात २५० आले आणि प्रयोगशाळेने ते ‘नॉर्मल’ छापले, तरी गरोदर बाईसाठी ते कमीच आहे. २०० च्या खाली गेले तर जोरदार रक्तस्रावाची शक्यता धरून चालतात आणि रक्ताबरोबर प्लाझ्मा व क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे गोठवणारे घटक असलेले रक्ताचे भाग, मागवतात. हा बिघाड सर्वांत जास्त दिसतो तो बाळ पोटात दगावलेल्या मोठ्या अब्रप्शनमध्ये. प्रसूती होऊन वार बाहेर आली आणि खर्ची पडलेले घटक भरून दिले की रक्त पुन्हा गोठू लागते.

प्रत्येक वेळी सिझेरियनच करावे लागते का?

नाही. बाळ जिवंत आहे, ठोके मंदावत आहेत आणि प्रसूती लगेच होण्यासारखी नाही, तर सिझेरियन, आणि तेही ताबडतोब. अशा केसमध्ये निर्णयापासून २० मिनिटांच्या आत बाळ बाहेर आले तर ते वाचण्याची आणि त्याच्या मेंदूला इजा न होण्याची शक्यता जास्त असते. पिशवीचे तोंड पूर्ण उघडलेले असेल तर खालूनच प्रसूती लवकर होते.

बाळ दगावलेले असेल आणि आईची प्रकृती स्थिर असेल तर नैसर्गिक प्रसूतीच जास्त सुरक्षित. घरच्यांना हे कठोर वाटते, ‘आता तिला आणखी कळा कशाला?’ असे ते विचारतात. रक्त गोठत नसताना पोट उघडले तर प्रत्येक टाक्यातून रक्त वाहते, हे त्यामागचे कारण आहे. अब्रप्शनमध्ये कळा जोरात असल्याने प्रसूती बहुधा लवकर होते. दुखणे कमी करण्याचे औषध मागायला संकोचू नका.

दिवस भरले नाहीत. थांबता येते का?

आई स्थिर, बाळाचे ठोके चांगले आणि रक्त थांबलेले असेल तर ३४ आठवड्यांच्या आत थांबायचा प्रयत्न करतात. रुग्णालयात ठेवून बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड देतात: बीटामेथासोन १२ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शने २४ तासांच्या अंतराने, किंवा डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने १२ तासांच्या अंतराने. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होईलसे वाटले तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. ३४ आठवड्यांनंतर अब्रप्शनची खात्री असेल तर सहसा प्रसूतीकडेच कल असतो, कारण थांबून मिळणारा फायदा कमी आणि अचानक बिघडण्याची भीती जास्त.

रक्त अधूनमधून, थोडे थोडे, आठवडेच्या आठवडे जात राहते असाही एक प्रकार आहे. त्यात बाळाची वाढ मागे पडते आणि पाणी कमी होते. अशा वेळी दर दोन-तीन आठवड्यांनी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी करतात.

माझा रक्तगट निगेटिव्ह आहे. वेगळे काही?

रक्तस्राव झाल्यापासून ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे बनवू नयेत म्हणून), सहसा ३०० मायक्रोग्रॅम. गरोदरपण पुढे चालू राहणार असले तरी ते घ्यायचे असते. बाळाचे जास्त रक्त आईच्या रक्तात मिसळले असेल तर मात्रा वाढवावी लागते, त्यासाठी वेगळी चाचणी असते.

जन्मानंतर बाळाला काय त्रास होऊ शकतो?

बहुतेक त्रास लवकर जन्मल्याचे असतात: श्वास, वजन, जंतुसंसर्ग. त्याशिवाय काही वेळ प्राणवायू कमी पडल्याने मेंदूवर परिणाम होऊ शकतो. ३६ आठवडे पूर्ण झालेल्या बाळात तशी लक्षणे दिसली तर पहिल्या ६ तासांत त्याचे शरीर ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून ७२ तास तसे ठेवतात. ही सोय नसेल तर बाळाला लगेच हलवावे लागते, म्हणून ‘कूलिंगची गरज आहे का?’ हे जन्मानंतर तासाभरातच विचारा. ठोके बरे होते आणि जन्मल्यावर बाळ जोरात रडले, तर पुढची वाढही सहसा नेहमीसारखी होते.

बाळंतपणानंतर आईने कशाकडे लक्ष द्यायचे?

रक्तस्रावाचा धोका संपलेला नसतो. पिशवीच्या स्नायूंमध्ये रक्त मुरले असेल तर ती जांभळीकाळी दिसते आणि नीट आकसत नाही. या अवस्थेला फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ अलेक्झांद्र कुव्हलेर यांचे नाव आहे. पिशवी कितीही काळवंडलेली दिसली तरी तेवढ्यावरून ती काढायची गरज नसते. रक्त थांबत नसेल तरच तो विचार करतात.

घरी गेल्यावर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, लघवी फार कमी होत असेल, डोके सतत दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर परत या. दूध अजिबात येत नसेल, पुढे अनेक महिने पाळी आली नाही आणि थकवा हटत नसेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची तपासणी करून घ्या. खूप रक्त गेल्याने या ग्रंथीला क्वचित इजा होते. बी.पी. पुढेही दरवर्षी तपासत राहा, कारण अब्रप्शन झालेल्या स्त्रियांना नंतरच्या वयात हृदयविकाराचा धोका काहीसा जास्त असतो.

बाळ गेले असेल तरी दोन-तीन दिवसांनी दूध भरते. याची कल्पना आईला कोणीतरी आधी द्यायला हवी, नाहीतर तो धक्का फार जिव्हारी लागतो. दूध थांबवायची गोळी मिळते, पण बी.पी. वाढलेला असताना ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. घट्ट बसणारी ब्रा, थंड पट्ट्या आणि दूध न पिळणे यानेही ते काही दिवसांत ओसरते.

सुरुवातीच्या सोनोग्राफीत ‘सबकोरिऑनिक हिमॅटोमा’ लिहिले आहे. ते हेच का?

नाही. ती पहिल्या तीन-चार महिन्यांत गर्भाच्या आवरणामागे साठलेल्या रक्ताची गुठळी असते आणि बहुतेक वेळा आपोआप विरते. पुढे अब्रप्शनचा धोका किंचित वाढतो, म्हणून डॉक्टरांना ती लक्षात असावी, एवढेच.

पुढच्या वेळी पुन्हा होईल का, आणि टाळता येते का?

एकदा झाले असेल तर पुन्हा होण्याची शक्यता साधारण ५ ते १५ टक्के. दोनदा झाले असेल तर २० ते २५ टक्के. म्हणजे एकदाच झालेल्या बहुतेक जणींना पुढच्या वेळी ते होत नाही.

हमखास टाळणारा उपाय नाही. सक्तीच्या अंथरुणावरच्या विश्रांतीने अब्रप्शन टळते असे दिसलेले नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. उपयोगी पडते ते असे: दिवस राहण्याआधीच बी.पी. आटोक्यात आणणे, धूम्रपान पूर्ण सोडणे आणि फायब्रॉइड असतील तर आधी सल्ला घेणे. बी.पी. वाढण्याचा धोका असेल तर डॉक्टर १२ आठवड्यांच्या सुमारास, १६ आठवड्यांच्या आत कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. ती मुख्यतः प्री-एक्लॅम्प्शिया (गरोदरपणात बी.पी. वाढून इतर अवयवांवर परिणाम होणारा आजार) टाळण्यासाठी असते, मनाने सुरू करायची नाही.

पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीला मागचे डिस्चार्ज कार्ड न्या. त्यात कोणत्या आठवड्यात अब्रप्शन झाले, किती रक्त चढवले, फायब्रिनोजेन किती खाली गेले होते, वारेवर गुठळी केवढी सापडली आणि वार तपासायला पाठवली असल्यास तिचा अहवाल, एवढे लिहिलेले आहे ना ते पाहा. नसेल तर त्या रुग्णालयातून लिहून घ्या. मागच्या वेळी ज्या आठवड्यात त्रास झाला, त्याच्या आधीपासून बाळाच्या वाढीच्या सोनोग्राफी आणि बी.पी.च्या तपासण्या जवळजवळ ठेवतात. त्या दिवसांत रुग्णालयापासून लांबचा प्रवास किंवा माहेरी मुक्काम ठरवताना, वाटेत आणि तिथे रात्री-अपरात्री सिझेरियन व रक्ताची सोय कुठे आहे, हे आधीच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.